पुस्तकं पूजेत, आम्ही सफरचंदाच्या बागेत

अमेरिकेत पीएच.डी.ला आलं की पहिल्या-दुसऱ्या वर्षी एक मोठी परीक्षा द्यावी लागते. तिला सगळे ‘क्वाल’ म्हणतात. पास झालात तर संशोधन सुरू, नाहीतर बहुतेक विभागांत आणखी एक संधी मिळते आणि तीही गेली तर मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडायचं. माझा विषय संख्याशास्त्र. क्वाल जानेवारीत होती, आणि सप्टेंबर सरता सरता माझी अवस्था अशी झाली होती की पान वाचून व्हायचं पण आत काहीच शिरायचं नाही. मार्टिंगेल म्हणजे निष्पक्ष जुगारासारखी यादृच्छिक प्रक्रिया. त्या प्रकरणात डूब या गणितज्ञाची एक असमानता आहे, अपक्रॉसिंगची, म्हणजे आलेख खालून वर किती वेळा जाऊ शकतो यावरची. तिची सिद्धता मला पाठ होती, कोऱ्या कागदावर न अडखळता लिहून काढायचे. ती तशीच का आहे, हे मात्र काही केल्या उमगत नव्हतं.

‘जरा विश्रांती घे’ असं सगळेच सांगत होते. घेतही होते मी. पण ती विश्रांती म्हणजे फोन हातात धरून गादीवर पडायचं, नाहीतर एखाद्या मालिकेचे भाग ओळीने बघायचे. उठल्यावर डोकं आधीपेक्षा जड. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडलेलं आहे की मुद्दाम लावून धरलेलं लक्ष थकतं. झाडं, पाणी, आकाश यांच्याकडे लक्ष आपसूक जातं आणि तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. मला हे पटतं. पण नुसतं बघत बसणं मला कधी जमलेलं नाही. मी शेतकऱ्याच्या घरातली; दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. झाडासमोर उभी राहिले की हात काहीतरी करायला मागतात.

2024 साली दसरा शनिवारी आला, 12 ऑक्टोबरला. इथे तोच कोलंबस डेच्या सोमवारच्या सुट्टीचा लाँग वीकेंड. माझी रूममेट नागपूरची. तिने आदल्या रात्री पाटावर दोघींची पुस्तकं मांडली, माझी क्वालची जाडजूड नोट्सची फाइलसुद्धा, आणि वर हळदकुंकू वाहिलं. “आता उद्या दिवसभर हात लावायचा नाही,” म्हणाली. आमच्याही घरी असंच असायचं. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची, वह्या-पुस्तकं पूजेला ठेवायची आणि त्या दिवशी अभ्यासाचं नावही काढायचं नाही. औत, कोयते, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, सगळ्यांना झेंडूचं फूल. अभ्यास थांबवायला मला दुसरं कोणतंच कारण पुरलं नसतं. हे पुरलं.

सफरचंदाच्या बागेत जायची कल्पनाही तिचीच. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, सप्टेंबर-ऑक्टोबरात लोक सहकुटुंब बागांत जाऊन स्वतः फळं तोडतात. बॉस्टनच्या पश्चिमेला नाशोबा खोरं आहे. बोल्टन, स्टो, हार्वर्ड (हे गावाचं नाव, विद्यापीठ तिथे नाही) अशी लहान लहान गावं आणि प्रत्येक गावाच्या आसपास बागा. आम्ही बोल्टनकडची एक निवडली. शनिवार-रविवारी गर्दी फार होते, म्हणून बऱ्याच बागा वेळेनुसार ऑनलाइन तिकीट देतात. तिकीट म्हणजे खरं तर पिशवीची किंमत: एक ‘पेक’ म्हणजे साधारण साडेचार किलो, अर्धा ‘बुशेल’ म्हणजे नऊएक किलो. पिशवीत मावेल तेवढं आपलं. आम्ही चौघांत अर्ध्या बुशेलच्या दोन पिशव्या घेतल्या. गाडी तासावर भाड्याने घेतली. चालवायला रूममेटचा एक वर्गमित्र होता. गाडी नसलेल्यांना फिचबर्ग लाइनच्या लोकलने साउथ ॲक्टनपर्यंत जाता येतं, पण पुढचे काही मैल टॅक्सी किंवा सायकल लागते.

निघायच्या आधी घरी फोन केला. आमची सकाळ, तिकडे संध्याकाळ. अण्णा, माझे वडील, नुकतेच सोनं वाटून आले होते. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू होती, एक प्लॉट उरकलेला, दुसऱ्याला परतीच्या पावसाची धास्ती. “कुठं निघाली गं एवढ्या सकाळी?” “सफरचंद तोडायला.” “पैसे देऊन?” “हो अण्णा, आपणच पैसे द्यायचे आणि आपणच तोडायचं.” ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “खुंट कोणता वापरतात, बघून ये.”

खुंट म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात ते खालचं, मुळांचं झाड. त्या एका वाक्याने माझ्या दिवसाला वळण लागलं.

रूट 2 ने पश्चिमेला निघालो. मेपल पेटायला लागले होते. एखादं झाड अख्खं लाल, शेजारचं अजून हिरवंगार. त्या वर्षी तिकडे पाऊस जवळजवळ नव्हताच. बागेत पोचलो तर ट्रॅक्टरमागे धूळ उडत होती. गवताच्या गठ्ठ्यांवर माणसं बसवून ट्रॅक्टर त्यांना लांबच्या रांगांपर्यंत नेऊन सोडत होता. आम्ही चालत गेलो.

बागेचे दोन भाग होते. जुन्या भागात जाड खोडाची, ऐसपैस फांद्यांची झाडं. नव्या भागात शिरले आणि थबकलेच. लाकडी खांब, खांबांना ताणलेल्या तारा, तारांना बांधलेली बुटकी झाडं, खाली ठिबकच्या नळ्या. आपला द्राक्षाचा मांडवच, फक्त उभा. मी वाकून बुंधा बघितला. जमिनीपासून वीतभर उंचीवर कलमाची गाठ स्पष्ट दिसत होती, खालचं खोड एका पोताचं, वरचं दुसऱ्या. गल्ल्यावर एक वयस्क बाई बसल्या होत्या, बाग त्यांच्याच कुटुंबाची. त्यांना विचारलं तर त्या उठून माझ्याबरोबर रांगेपर्यंत आल्या. खुंट ‘एम 9’. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग नावाचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या क्रमांकांवरून हे नाव आलं. या खुंटावर झाड ठेंगणं राहतं, लवकर फळ देतं, पण मुळं कमकुवत, म्हणून जन्मभर खांबाचा आधार लागतो. आमच्याकडे द्राक्ष ‘डॉगरिज’वर बांधतात ते बरोबर उलट्या कारणासाठी: पाणी कमी, जमीन खारवट, तिथे दमदार मुळं हवीत. मी त्यांना हे सांगितलं. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या घालतात, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरात गोडी, हे ऐकून त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांच्या झाडांना विश्रांती थंडीच देते. सात अंशांखालचे हजारभर तास मिळाले नाहीत तर बहुतेक वाण धड फुलतच नाहीत. आपल्याकडे वेलीला ती विश्रांती कात्रीने द्यावी लागते.

तोडायचं कसं, तेही त्यांनीच दाखवलं. फळ ओढायचं नाही. तळव्यात धरायचं, फळाच्या डोळ्याच्या, म्हणजे देठाविरुद्धच्या टोकाच्या, बाजूने वर उचलायचं आणि किंचित फिरवायचं. पिकलेलं फळ देठासकट अलगद सुटतं. अडलं तर सोडून द्यायचं, ते तयार नाही. खाली ओढलं तर फळाबरोबर बोटभर काडी मोडून येते. त्या आखूड, सुरकुतलेल्या काडीला ‘स्पर’ म्हणतात, आणि त्याच काडीवर, यंदाच्या फळाच्या देठाला लागूनच, पुढच्या वर्षीची कळी तयार असते. त्यांनी फांदी वाकवून मला ती दाखवली. गव्हाच्या दाण्याहून जराशी मोठी, तपकिरी, अंगावर बारीक राखाडी लव. उन्हाळ्यातच भरलेली; सगळा हिवाळा बर्फात काढणार आणि मे महिन्यात उघडणार. इतक्या जवळून बघितल्यावर पुढे प्रत्येक फळाला हात लावताना नजर आधी त्या कळीकडे जायची.

आणि इथेच माझी खरी विश्रांती सुरू झाली असावी. एकेका फळाला दोन-तीन प्रश्न विचारावे लागतात. लाली फसवी असते. उन्हाच्या बाजूला कच्चं फळही लाल दिसतं. बघायचा तो लालीच्या मागचा रंग. तो हिरवा आहे की पिवळसर झालाय? मग उचलून बघायचं, सुटतंय का. शंका आली तर एक कापून बिया बघायच्या. पांढऱ्या असतील तर वेळ आहे, तपकिरी झाल्या की तयार. बाईंनी आणखी एक परीक्षा सांगितली, ती बागाईतदार करतात. फळ आडवं कापून त्यावर आयोडीनचं पाणी टाकायचं. जिथे स्टार्च शिल्लक आहे तिथे काळं पडतं, जिथे साखर झाली तिथे गर तसाच राहतो. अण्णा द्राक्षाच्या मण्याचा रस काचेवर घेऊन ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतात तीच ही गोष्ट. फरक एवढाच की द्राक्ष वेलीवरून उतरलं की त्यात साखर वाढणं संपलं, सफरचंद मात्र तोडल्यावरही पिकत राहतं.

उचल, फिरव, बघ, पिशवीत ठेव. टाकायचं नाही, ठेवायचं. आपटलं की आतून डाग पडतो आणि एका डागाळलेल्या फळाने शेजारची लवकर उतरतात. तासभर मी कोणाशी बोललेही नाही. डोक्यात असमानता नव्हती, जानेवारी नव्हता, आणि ते नाही आहेत हेही माझ्या लक्षात आलं नाही. नुसतं पडून राहिल्यावर हे कधीच झालं नव्हतं. काम हवं, पण दुसऱ्या जातीचं. ज्यात चूक-बरोबर लगेच हाताला कळतं असं.

रांगांच्या टोकाला वाणाच्या नावाची पाटी होती. मकाऊन, एम्पायर, कॉर्टलँड, मुत्सू. मॅकिंटॉश बहुतेक संपलेलं. यातली पहिली तीन न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा इथल्या संशोधन केंद्राची, आणि तिघांच्याही रक्तात मॅकिंटॉश आहे. एम्पायर 1966 मध्ये बाहेर आलं, मॅकिंटॉश आणि रेड डिलिशस यांचा संकर. कॉर्टलँडचा गर कापल्यावर लवकर काळा पडत नाही, कोशिंबिरीला तेच घ्यावं. मुत्सू जपानचं, हिरवट पिवळं, आकाराने दांडगं. मला आवडलं मकाऊन. गडद, जांभळटाकडे झुकणारा लाल रंग, वर द्राक्षावर असते तशी पांढुरकी मेणट झाक, आत पांढराशुभ्र गर. दात लावला की कडकन तुटतं, आणि गोडीच्या मागून आंबटपणा येतो. देठ फार आखूड, त्यामुळे घोसातली फळं फुगताना एकमेकांना ढकलतात आणि काही आपणहून गळतात. दूरच्या बाजाराला हे वाण म्हणूनच फारसं जात नाही. ते खायला इथेच यायला हवं.

आपल्याकडे सफरचंद म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ. लहानपणी ते मी दवाखान्यातच जास्त पाहिलं. मऊ, पिठूळ, गोड. ते बहुतेक डिलिशसच्याच घराण्यातलं. रेड डिलिशसचं मूळ झाड आयोवातल्या जेसी हाएट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेतलं. फिलाडेल्फियाचे सॅम्युएल स्टोक्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिमाचलात आले, कोटगडला स्थायिक झाले आणि त्यांनी अमेरिकेतून ही कलमं नेऊन लावली. पुढे ते सत्यानंद झाले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. वाशीच्या बाजारात हिमाचलची पेटी उतरते तिच्यामागे ही कथा आहे.

जुन्या भागात एका कोपऱ्यात दोन-चार म्हातारी झाडं राखून ठेवली आहेत. एक बाल्डविन. मॅसॅच्युसेट्समधल्याच विल्मिंग्टन गावी सुमारे 1740 मध्ये सापडलेलं हे वाण पुढे बराच काळ न्यू इंग्लंडचं मुख्य पीक होतं. 1933-34 च्या हिवाळ्यात अशी कडाक्याची थंडी पडली की बाल्डविनच्या बागाच्या बागा मेल्या. लोकांनी त्या जागी थंडी सोसणारं मॅकिंटॉश लावलं. दुसरं रॉक्सबरी रसेट, सतराव्या शतकातलं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या वाणांपैकी. रॉक्सबरी आज बॉस्टन शहराचा भाग आहे. फळ दिसायला चिकूसारखं खरबरीत. सफरचंदाचं बी लावलं तर आईसारखं फळ येत नाही, म्हणून ही नावं टिकली ती केवळ कलमं करून, झाडाचा डोळा किंवा काडी दुसऱ्या झाडावर लावून. विल्मिंग्टनचं ते पहिलं झाड केव्हाच गेलं. त्याची काडी एका झाडावरून दुसऱ्यावर चढत या कोपऱ्यात उभी आहे. मी त्या बाल्डविनच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ थांबले.

परतताना लांबच्या रांगांत काही माणसं झपाझप तोडणी करताना दिसली. पोटाशी बांधलेली बादली, तिचा तळ कापडी. भरली की दोरी सोडून फळं हळूच मोठ्या लाकडी पेटाऱ्यात उतरवायची. त्या एका पेटाऱ्यात साडेतीनशे किलोच्या वर माल बसतो. ही माणसं जमैकाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून जमैकाचे मजूर या भागात हंगामाला येतात. आता त्यासाठी एच-2ए नावाचा व्हिसा आहे. त्यांच्यातले एक काका पाणी प्यायला सावलीत आले. सेंट एलिझाबेथ परगण्याचे. ऑगस्टमध्ये यायचं, फळ संपलं की परत. जुलैत बेरिल वादळाने त्यांच्या घराचं छप्पर नेलं होतं. ते बसवून मगच निघाले. मी सांगितलं, आमच्याकडे पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, छाटणीला, विरळणीला, मग खुड्याला. त्यांनी विचारलं, “त्यांची मुलं बरोबर असतात का?” काहींची असतात, मी म्हणाले. “माझी नसतात,” ते म्हणाले, आणि बादली बांधून गेले. त्यांच्या दोन्ही हातांत एकाच वेळी दोन-दोन फळं असायची आणि एकही काडी मोडत नव्हती. पैसे देऊन हौसेने तोडणारे आम्ही आणि हे, एकाच बागेत. जो कोणी जाईल त्याने या लांबच्या रांगांकडेही बघून यावं असं मला मनापासून वाटतं. बाजारात जाणारं सफरचंद तिथून जातं.

बाहेर पडताना सायडर (इथे याचा अर्थ सफरचंदाचा न गाळलेला रस) आणि तळणीतून नुकतेच काढलेले, दालचिनी-साखरेत घोळवलेले डोनट घेतले. त्यासाठी लांब रांग होती, पण ती लावावी. थंड, गढूळ रंगाचा सायडर आणि गरम डोनट हे मी घरच्या कोणालाही आवर्जून खाऊ घालीन.

घरी आल्यावर निवड केली. डागाळलेली आधी बाजूला. त्यांचा रूममेटने लवंग घालून साखरांबा केला. बाकीची फ्रिजच्या तळच्या खणात, पिशवीला भोकं पाडून. पालेभाजी त्यांच्याजवळ ठेवायची नाही. सफरचंद इथिलीन सोडतं आणि भाजी पिवळी पडते. मंगळवारी विभागात पिशवीभर मकाऊन नेली. आपट्याची पानं कुठून आणणार, म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक फळ दिलं आणि आमच्याकडे दसऱ्याला सोनं देतात ते सांगितलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ते फळ दोन दिवस टेबलावर ठेवलेलं मी पाहिलं.

अभ्यासाचं म्हणाल तर रविवारी पुस्तकं पूजेतून उचलली आणि अपक्रॉसिंगचं पान उघडलं. चमत्कार वगैरे काही घडला नाही. पण सिद्धता लिहायच्या आधी मी पहिल्यांदाच स्वतःला विचारलं की हा आलेख खालच्या रेषेवरून वरच्या रेषेवर किती वेळा जाऊ शकतो, आणि पेन्सिलीने तो काढत बसले. दुपारपर्यंत गोष्ट कळली होती. क्वाल जानेवारीत झाली, निकाल चांगला लागला. त्याचं श्रेय मी त्या दिवसाला सगळं देणार नाही. पण नंतर दर रविवारी अर्धा दिवस हातांना काहीतरी काम द्यायचंच असं मी ठरवलं आणि पाळलं. कधी भाकऱ्या, कधी शेजारच्या सामूहिक बागेत पानं गोळा करणं.

अण्णांना एम 9 चं सगळं सांगितलं, कलमाच्या गाठीचे फोटो पाठवले. त्यांना सर्वांत आवडला तो त्या कळीचा फोटो. आता त्यांना छाटणीचा व्हिडिओ हवाय. सफरचंदाची छाटणी झाड झोपलेलं असताना, भर थंडीत, गुडघाभर बर्फात उभं राहून करतात. बागेच्या बाईंना मी लिहून विचारलं होतं. त्यांचं उत्तर आलंय: फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ये, जाड मोजे आण, कात्री आम्ही देऊ.